गळ्यांतील वाट आणि कागदावरील नोंद

मनुष्याच्या देहांत श्वासाला निसर्गानें दोन वाटा दिल्या आहेत. एक नाकाची, दुसरी तोंडाची. या दोन्ही वाटा बंद पडल्या किंवा अपुऱ्या ठरल्या, म्हणजे वैद्य तिसरी वाट काढून देतो. स्वरयंत्राच्या खालीं, गळ्याच्या पुढच्या अंगास, श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्यापाशीं छेद घेऊन तेथें एक वांकडी नळी बसविली, कीं हवा नाकातोंडास वगळून सरळ फुप्फुसांत जाऊं लागते. या शस्त्रक्रियेस ट्रॅकिऑस्टोमी असें नांव आहे. ग्रांथिक मराठींत तिला श्वासनलिकाछेदन म्हणतां येईल. खेड्यापाड्यांतील लोक मात्र ‘गळ्याला भोंक पाडून नळी घातली’ एवढेंच सांगतात, आणि त्यांचें हें वर्णन कोणत्याही शास्त्रीय नांवाइतकेंच नेमकें आहे.

या तिसऱ्या वाटेनें प्राण वांचतो, परंतु त्याची किंमत वाचेनें चुकवावी लागते. आवाज उत्पन्न करणाऱ्या स्वरतंतूंच्या खालींच हवा आंत-बाहेर होऊं लागल्यामुळें रोग्याचा शब्द उमटेनासा होतो. कांहीं रोग्यांना पुढें झडपेच्या विशेष नळीनें बोलतां येतें. पण तोंवर खुणा आणि पाटी-पेन्सिल हींच त्यांचीं साधनें. अशा माणसाला मध्यरात्रीं धाप लागून एखाद्या अनोळखी डॉक्टरसमोर नेलें, तर आपला मूळ रोग कोणता, नळी केव्हां बसविली, ती कशासाठीं बसविली, यांतील एकही गोष्ट तो सांगूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें बोलतो तो त्याचा कागद. या भाषणाचा विषय त्या कागदावरील दोन-चार अक्षरें हा आहे. त्यांना रोगनिदानाचे संकेतांक म्हणतात. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत डिस्चार्ज कार्ड आणि विम्याचे कागद यांवर हे संकेतांक वरचेवर दृष्टीस पडतात. परंतु ते काय सांगतात आणि चुकले तर काय बिघडतें, याचा विचार क्वचितच होतो.

शस्त्रक्रिया जुनी आहे. एके काळीं तिचें मुख्य कारण घटसर्प हें होतें. त्या रोगांत मुलांच्या घशांत करडा पडदा धरे आणि श्वास कोंडे. फ्रान्समध्यें ब्रेतोनो या वैद्यानें १८२५ सालीं घटसर्पानें गुदमरलेल्या एका लहान मुलीस गळ्यांतून वाट करून वांचविलें, आणि पुढें त्याचा शिष्य त्रूसो यानें ही शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ केली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत शेव्हॅलियर जॅक्सन यानें तिची पद्धति निश्चित करून तींतील धोका पुष्कळ कमी केला. १९५२ सालीं डेन्मार्कमध्यें कोपनहेगन शहरांत पोलिओची मोठी सांथ आली, त्या वेळीं ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्यानें पक्षाघात झालेल्या रोग्यांच्या गळ्यांत नळ्या बसविण्यांत आल्या, आणि सुमारें दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रबरी पिशव्या हातानें दाबून त्यांचा श्वास अहोरात्र चालू ठेवला. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथें आहे.

लसीमुळें घटसर्प मागें हटला आणि शस्त्रक्रियेचीं कारणें बदललीं. आज रस्त्यावरील अपघातांत डोक्यास मार लागलेला मनुष्य, कीटकनाशकाच्या विषबाधेनें श्वासाचे स्नायू दुबळे पडलेला शेतमजूर, पुष्कळ दिवस व्हेंटिलेटरवर असलेला न्यूमोनियाचा रोगी आणि स्वरयंत्राचा कर्करोग झालेला तंबाखूचा व्यसनी, असे लोक या शस्त्रक्रियेस येतात. पूर्वीं नळी बसविलेला रोगी थोड्याच दिवसांत एक तर बरा होई किंवा दगावे. आतां त्यांतील कित्येक जण ही नळी घेऊन घरीं जातात आणि महिनोन्‌महिने, कधीं वर्षानुवर्षें, तिच्यासह संसार करतात. रुग्णालयाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या या माणसांची मोजदाद कशी करावी, हा प्रश्न त्यामुळें उभा राहिला.

रोगांची मोजदाद करण्यासाठीं जगानें एक ग्रंथ मान्य केला आहे. झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानें १८९३ सालीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेपुढें मृत्युकारणांची एक यादी मांडली. तिचाच विस्तार होत होत आजचें आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण तयार झालें. आरंभीं ही यादी मरणाची होती. १९४८ सालीं सहावी आवृत्ति जागतिक आरोग्य संघटनेच्या हातीं आली, तेव्हां तींत आजारांनाहि जागा मिळाली. दहावी आवृत्ति १९९० सालीं संमत झाली. अकरावी २०१९ सालीं संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तथापि भारतांतील रुग्णालयांच्या नोंदी अद्याप मोठ्या प्रमाणावर दहाव्या आवृत्तीच्या भाषेंतच लिहिल्या जातात. या ग्रंथांत प्रत्येक निदानास एक रोमन अक्षर व कांहीं अंक दिलेले आहेत. श्वसनसंस्थेच्या रोगांचें अक्षर जे. अखेरच्या प्रकरणांपैकीं एकाचें अक्षर झेड. त्या प्रकरणांत रोग नसलेल्या, पण आरोग्याशीं संबंध असलेल्या अवस्था नोंदविल्या जातात.

हें वर्गीकरण प्रत्यक्षांत कसें चालतें, हें पाहण्यासाठीं बीड जिल्ह्यांतील घाटनांदूर हें गांव डोळ्यांपुढें आणावें. परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें स्थानक लागतें. गांव अंबाजोगाई तालुक्यांत आहे, आणि अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवानें चालणारें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे. घाटनांदूरसारख्या गांवांत गळ्याला नळी असलेले दोन शेजारी राहतात, अशी कल्पना करावी. एक पंचविशीचा तरुण. मोटारसायकलवरून पडून त्याच्या डोक्यास मार बसला, तीन आठवडे तो व्हेंटिलेटरवर होता, आणि त्यासाठीं त्याच्या गळ्यांत नळी घालावी लागली. दुसरा साठीचा शेतकरी. विडी-तंबाखूमुळें त्याला स्वरयंत्राचा कर्करोग झाला, आणि शल्यवैद्यांनीं त्याचें स्वरयंत्र समूळ काढून श्वासनलिकेचें वरचें टोंक गळ्याच्या कातडीस कायमचें जोडून दिलें. दोघेहि ओट्यावर शेजारी शेजारी बसले, तर पाहणाऱ्यास दोघांच्या गळ्याशीं सारखेंच छिद्र दिसेल. परंतु वैद्यकाच्या दृष्टीनें या दोन माणसांत जीवन-मरणाचें अंतर आहे.

आधीं तरुणाचें उदाहरण घ्यावें. तो घरीं आला, जखम भरत चालली, नळी स्वच्छ आहे, श्वास मोकळा आहे. कांहीं दिवसांनीं त्याच्या पायास कांटा लागून गळूं झालें आणि तो दवाखान्यांत गेला. तेथें मुख्य निदान गळवाचें. परंतु त्याच्या गळ्यांत वाट आहे, ही गोष्टहि भूल देणाऱ्यास व परिचारिकेस कळली पाहिजे. अशा वेळीं दुय्यम नोंद होते ती झेड ९३.० या संकेतांकाची. तिचा अर्थ एवढाच कीं, या मनुष्याच्या श्वासनलिकेस कृत्रिम द्वार आहे. त्या द्वाराची कांहींहि तक्रार नाहीं. ही केवळ अवस्था आहे.

पुढच्या महिन्यांत तो नळी बदलून घेण्यास किंवा छिद्राची साफसफाई करून घेण्यास गेला, तर भेटीचें कारणच नळी हें झालें. तेथें झेड ४३.० हा संकेतांक लागतो. त्याचा अर्थ, द्वाराची निगा. अखेर डोकें सावरलें, नळी काढली आणि छिद्र मिटविण्यासाठीं तो गेला, तरी तीहि निगाच. छिद्र पूर्ण भरून आल्यावर मात्र झेड ९३.० ही नोंद त्याच्या कागदावर राहतां कामा नये. जुन्या कागदावरून नव्या कागदावर ओळी उतरवून घेण्याची संवय पुष्कळ ठिकाणीं असते. अशा उतरवण्यानें भरून आलेलीं छिद्रें कागदावर वर्षानुवर्षें उघडीं राहतात, आणि नळीसह जगणाऱ्यांची संख्या फुगते.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर. खळ्यावर मळणी चालली आहे, हवेंत भुसा उडत आहे. नाकाचें काम धूळ गाळण्याचें व हवा ओलसर करण्याचें. तें या रोग्याच्या बाबतींत बंद पडलेलें असतें. कोरडी हवा सरळ आंत गेल्यामुळें कफ घट्ट होऊन नळीच्या आंत खपलीसारखा बसतो आणि एके रात्रीं नळी चोंदते. हा आतां नळीचा उपद्रव झाला. याचा संकेतांक जे ९५.०. तो श्वसनरोगांच्या प्रकरणांत, शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या विकारांच्या गटांत आहे. नळी चोंदणें, छिद्रांतून रक्तस्राव होणें, छिद्राशीं पू होऊन विष भिनणें, आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्यें भगदाड पडणें, या चारी आपत्ति त्या एका संकेतांकाखालीं येतात. संकेतग्रंथानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, जेथें निगेची किंवा उपद्रवाची नोंद करावयाची, तेथें झेड ९३ या वर्गाचा आधार घेऊं नये. सुखरूप नळी, निगा मागणारी नळी आणि उपद्रव देणारी नळी, असे हे तीन स्वतंत्र कप्पे आहेत.

अमेरिकेंत १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीचा जो विस्तारित पाठ वापरांत आला, त्यांत जे ९५.० चे आणखी सहा भाग केलेले आहेत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळीचा बिघाड, अन्ननलिकेशीं भगदाड, इतर उपद्रव व अनिश्चित उपद्रव, असे ते सहा. पुणें-मुंबईच्या कचेऱ्यांत बसून अमेरिकेंतील रुग्णालयांच्या कागदांचें संकेतन करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींना ही विभागणी नित्याच्या कामाची आहे. तिची उपयुक्तता सहज ध्यानांत येते. नळी चोंदल्याचे प्रसंग वाढले, तर कफ ओढणारीं यंत्रें आणि ओलावा देण्याचीं साधनें कमी पडत आहेत, असा अर्थ निघतो. जंतुसंसर्ग वाढला, तर हात धुण्यापासून पट्टी बदलण्यापर्यंतच्या शिस्तीकडे पाहावें लागतें. रक्तस्रावाचा अर्थ आणखी वेगळा. पहिल्या कांहीं आठवड्यांत नळीच्या टोंकानें मोठी धमनी घासली गेली, तर क्वचित् प्रसंगीं भयंकर रक्तस्राव होतो, आणि त्यापूर्वीं झालेला थोडासा रक्तस्राव हीच कित्येकदां एकमेव सूचना असते. या तीन गोष्टी एकाच कप्प्यांत टाकल्या, तर त्यांवरील तीन निरनिराळे उपाय सुचत नाहींत.

आतां दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळावें. साठीच्या त्या शेतकऱ्याचा कर्करोग उपचार चालू असेपर्यंत सी ३२ या वर्गांत नोंदला जातो. हा वर्ग स्वरयंत्राच्या कर्करोगाचा. रोग समूळ जाऊन उपचार संपले, म्हणजे सी ३२ ची जागा झेड ८५.२ ही पूर्वेतिहासाची नोंद घेते. गळ्याच्या द्वारासाठीं सामान्यतः झेड ९३.० लागतो. परंतु आणखी एक नोंद त्याच्या बाबतींत अत्यंत महत्त्वाची आहे, ती झेड ९०.० ची. डोकें व मान यांतील एखादा अवयव शरीरांत उरलेला नाहीं, असें ती सांगते, आणि स्वरयंत्र त्यांतच मोडतें. या माणसाच्या तोंडाचा व फुप्फुसांचा संबंध कायमचा तुटलेला आहे. त्याचें नाक दाबलें तरी तो गुदमरणार नाहीं. आणि त्याच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा घट्ट बसविला, तरी प्राणवायूचा एक कणहि त्याच्या फुप्फुसांत पोंचणार नाहीं. त्या तरुणाची नळी चोंदली, तर तोंडावाटे श्वास देण्याचा मार्ग बहुधा उघडा असतो. शेतकऱ्याच्या बाबतींत गळ्याचें छिद्र हाच एकमेव मार्ग. इंग्लंडांत या दोन रोग्यांच्या खाटांशीं दोन रंगांच्या पाट्या लावण्याची पद्धति सुचविलेली आहे. वरची वाट मोकळी असलेल्यासाठीं हिरवी, स्वरयंत्र काढलेल्यासाठीं तांबडी. रंग पाहतांच धांवून आलेल्या परिचारिकेस कोणत्या वाटेनें श्वास द्यावयाचा हें कळतें. झेड ९०.० ही नोंद म्हणजे कागदावरील तांबडी पाटी होय. ती विसरली गेली, तर कागदावर दोन्ही शेजारी एकसारखे दिसतात, जसे ते ओट्यावर दिसत होते.

संकेतांक लिहिणारा कर्मचारी बहुधा रोग्यास पाहत नाहीं. रेकॉर्ड विभागांत बसून तो केसपेपर वाचतो. त्याच्या शास्त्राचा पहिला नियम असा कीं, डॉक्टरनें जें लिहिलें नाहीं, तें गृहीत धरूं नये. परिचारिकेच्या नोंदींत ‘नळीभोंवतीं लाली’ असे शब्द असले, तरी तो संसर्ग आहे किंवा केवळ फितीचें घासणें आहे, हें ठरविण्याचा अधिकार संकेतकास नाहीं. ताप आला आणि नळीहि होती, एवढ्यावरून ताप नळीमुळें आला असें तो लिहूं शकत नाहीं. दोहोंचा कार्यकारणसंबंध डॉक्टरच्या लेखणींतून उतरला पाहिजे. तो उतरला नसेल, तर संकेतकानें डॉक्टरला विचारावें. ‘नळी चोंदली, म्हणून श्वास कोंडला, म्हणून नळी बदलली’ या तीन छोट्या वाक्यांत जें सामर्थ्य आहे, तें ‘प्रकृति बिघडली, उपचार केले’ या दोन वाक्यांत नाहीं. पहिल्या लेखनांतून जे ९५.० निघतो, दुसऱ्यांतून कांहींच निघत नाहीं, आणि रोग्यानें भोगलेली ती रात्र देशाच्या आंकड्यांतून नाहींशी होते.

‘उपद्रव’ हा शब्द लिहितांना वैद्याचा हात कां अडखळतो, हेंहि समजून घेतलें पाहिजे. त्या शब्दाला दोषारोपाचा वास येतो. नातेवाईक रागावतील, चौकशी होईल, अशी भीति मनांत असते. परंतु संकेतग्रंथाच्या रचनेंत या भीतीचें उत्तर आधींच आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं घडलेल्या अपघातांसाठीं वाय ६० ते वाय ६९ असे वेगळे वर्ग आहेत. शस्त्रक्रिया यथास्थित होऊनहि पुढें जो त्रास उद्भवतो, त्यासाठीं वाय ८३ हा वर्ग वेगळा ठेवलेला आहे, आणि शरीरास बाह्य द्वार करण्याच्या शस्त्रक्रियेस त्यांत वाय ८३.३ असा स्वतंत्र अंक आहे. जे ९५.० बरोबर वाय ८३.३ लिहिला, तर त्याचा अर्थ ‘कोणाची चूक झाली’ असा होत नाहीं. द्वार केलें होतें, आणि पुढें त्यानें त्रास दिला, एवढेंच तो सांगतो. अकराव्या आवृत्तींत हाच विचार आणखी पुढें नेलेला आहे. तींत इजा कोणती, तिचें मूळ कोणत्या उपचारांत आणि ती कोणत्या रीतीनें घडली, या तीन गोष्टी तीन संकेतांकांनीं जोडून लिहावयाच्या असतात.

रोगी दगावला तर प्रश्न आणखी बिकट होतो. भारतांत जन्म-मृत्यु नोंदणीचा कायदा १९६९ सालीं झाला. त्याखालीं मृत्यूचें वैद्यकीय कारण लिहिण्याचे दोन नमुने आहेत. रुग्णालयांतील मृत्यूसाठीं चार क्रमांकाचा आणि बाहेर झालेल्या मृत्यूसाठीं चार-अ. या नमुन्यांत सर्वांत खालच्या ओळीवर मूळ कारण लिहावयाचें असतें, म्हणजे ज्या रोगानें किंवा इजेनें मरणाच्या परंपरेस आरंभ झाला तें. पुष्कळ वेळां तेथें ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ असें लिहून मोकळें होतात. प्रत्येक मनुष्य मरतांना त्याचें हृदय व श्वसन बंद पडतेंच. ती मरणाची रीति झाली, कारण झालें नाहीं. स्वरयंत्राच्या कर्करोगानें द्वार करावें लागलें, तें द्वार चोंदलें आणि त्यामुळें श्वास कोंडला, ही सांखळी नीट लिहिली, तर त्या एका कागदावरून तंबाखूचा प्रश्न, घरच्या निगेचा प्रश्न आणि जवळच्या दवाखान्यांतील साधनांचा प्रश्न, असे तिन्ही प्रश्न पुढें येतात. ‘श्वास बंद पडला’ एवढेंच लिहिलें, तर त्यांतील एकहि पुढें येत नाहीं.

नोंदीनें काय साधतें, याचें उदाहरण मराठी मुलखांतच आहे. भारतांतील पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी १९६३ सालीं मुंबईंत सुरू झाली. शहरांत रोगी रुग्णालयांत येतो आणि कागद आपोआप तयार होतो. खेड्यांत तसें नव्हतें. १९८७ सालीं बार्शी येथें देशांतील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील तीनशेंहून अधिक खेडीं तिच्या कक्षेंत होतीं. नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव हिंडत, पाटील-शिक्षकांस भेटत, कर्करोगाचीं लक्षणें समजावून सांगत आणि संशयित रोग्यास तपासणीसाठीं बार्शीच्या रुग्णालयांत येण्यास प्रवृत्त करीत. कागद रोग्याची वाट पाहत बसला नाहीं; तो रोग्याच्या दारीं गेला. पुढें या कामाचा विस्तार शेजारच्या जिल्ह्यांत झाला, आणि राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालांत उस्मानाबाद, म्हणजे आजचें धाराशिव, व बीड या दोन जिल्ह्यांचे आंकडे एकत्र दिलेले आहेत. म्हणजे घाटनांदूरसारख्या गांवच्या शेतकऱ्याचा सी ३२ देशाच्या हिशेबांत मोजला जाण्याची सोय आज आहे. त्याच्या गळ्यांतील द्वाराची आणि त्या द्वारानें दिलेल्या त्रासाची मोजणी मात्र अशा घरोघर जाणाऱ्या नोंदणीवर चालत नाहीं. ती सर्वस्वीं केसपेपरावर अवलंबून आहे.

आंकड्यांचा व्यवहाराशीं संबंध सरळ आहे. कफ ओढण्याचें यंत्र कोणत्या ग्रामीण रुग्णालयास द्यावें, नळ्यांचा सांठा किती ठेवावा, घरीं पाठविण्यापूर्वीं कुटुंबियांस किती दिवस शिकवावें, शासकीय आरोग्य योजनेंत कोणत्या उपचारासाठीं किती रक्कम ठेवावी, हे निर्णय ज्यांच्या हातीं असतात, त्यांच्यापुढें रोगी जात नाहींत. त्यांच्यापुढें कोष्टकें जातात. कोष्टकांत निगेच्या भेटी दिसल्या नाहींत, तर निगेची तरतूद होत नाहीं. उपद्रव दिसले नाहींत, तर सर्व नळ्या सुखरूप आहेत असा समज होतो. नोंदींत झालेली हयगय अशा रीतीनें फिरून पुन्हां रोग्याच्याच गळ्याशीं येते.

ज्या घरांत असा रोगी आहे, त्या घरानें संकेतांक पाठ करण्याची जरुरी नाहीं. परंतु डिस्चार्ज कार्ड हातीं पडतांच त्यांत चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत कीं नाहींत, हें अवश्य पाहावें. छेद कोणत्या कारणानें व कोणत्या तारखेस घेतला, ही पहिली. स्वरयंत्र जागेवर आहे कीं काढलेलें आहे, म्हणजे तोंडावाटे श्वास देतां येईल कीं नाहीं, ही दुसरी. नळी कोणत्या मापाची आहे व शेवटची केव्हां बदलली, ही तिसरी. या खेपेस नळीमुळें कांहीं उपद्रव झाला काय, आणि झाला असल्यास कोणता, ही चौथी. यांतील जी गोष्ट लिहिलेली नसेल, ती निघण्यापूर्वीं नम्रपणें विचारून लिहून घ्यावी. असें विचारणें म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखविणें नव्हे. पहिल्या तीन गोष्टी जाड कागदावर ठळक अक्षरांत उतरवून तो कागद रोग्याच्या खिशांत आणि घरांत दाराजवळ ठेवावा. धुळीच्या वेळीं छिद्रावर ओलसर जाळीचा रुमाल असावा, आंतली नळी सांगितल्याप्रमाणें नित्य धुवावी, नदी-विहिरींत उतरणें पूर्णपणें टाळावें. नळींतून रक्त आलें, किंवा श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊं लागला, तर सकाळची वाट पाहूं नये.

अक्षरें व अंक यांच्या या शास्त्राकडे कारकुनी काम म्हणून पाहण्याची प्रवृत्ति आहे. पण ज्या माणसाची वाचा वैद्यकानें त्याचा प्राण वांचवितांना घेतली, त्याचें म्हणणें जगापुढें ठेवण्याचें ओझें वैद्यकावरच येऊन पडतें. तें ओझें डॉक्टरनें स्पष्ट लिहिलेल्या दोन ओळींनीं आणि संकेतकानें योग्य कप्प्यांत टाकलेल्या एका अंकानें उतरतें. घाटनांदूरच्या त्या दोन शेजाऱ्यांपैकीं कोणाला कोणत्या वाटेनें श्वास द्यावयाचा, हें रात्रीं दोन वाजतां धांवत आलेल्या परिचारिकेस त्या कागदावरूनच समजावयाचें आहे.